पॅरागॉन सिटीचा नकाशा: कुठं काय बदललं, आणि विचित्र जागा पारखायच्या कशा

चोर्ला_घाट | रात्री ९:४०

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची 'सिटी ऑफ हिरोज' हा सुपरहिरोंचा ऑनलाइन गेम खेळणारी मंडळी मोजकीच. पॅरागॉन सिटी हे त्यातलं शहर. तरी 'हे घर हवेत कसं?', 'ही भिंत आधी नव्हती' असले प्रश्न दहा धाग्यांत विखुरलेत. ते सगळे इथं आणूया. अट एकच, जागा सांगताना आकडे द्यायचे. 'पुतळ्याच्या मागं डावीकडं' एवढ्यावर कुणालाही काही सापडत नाही.

नव्यांसाठी थोडक्यात. गेम सुरू झाला एप्रिल २००४ मध्ये, क्रिप्टिक स्टुडिओजनं बनवलेला. नोव्हेंबर २००७ मध्ये तो पूर्ण एनसीसॉफ्टकडं गेला आणि पुढचं काम पॅरागॉन स्टुडिओजनं केलं. ३० नोव्हेंबर २०१२ ला सर्व्हर बंद. २०१९ पासून खेळाडूंनी चालवलेले सर्व्हर, आणि त्यातल्या होमकमिंग या गटाला जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टनं रीतसर परवाना दिला. म्हणजे या नकाशावरून तीन गवंड्यांचे हात फिरलेत. विचित्र जागा दिसली की ती यातल्या कुणाच्या काळातली, हा पहिला प्रश्न.

आता हत्यारं. आज्ञा उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहितोय, चॅटच्या खिडकीत त्या इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.

/लॉक, म्हणजे एल-ओ-सी ही तीन अक्षरं. टाकली की तुम्ही उभे आहात तिथले तीन आकडे चॅटमध्ये येतात. मधला आकडा उंचीचा. पहिला आणि तिसरा जमिनीवरचे. माप फुटांत.

/थंबटॅक आणि पुढं तेच तीन आकडे, मध्ये मोकळी जागा सोडून. नकाशावर खूण पडते आणि कंपासवर दिशा व अंतर दिसायला लागतं. दुसऱ्यानं दिलेली जागा शोधायला याहून सोपं काही नाही.

/स्क्रीनशॉटयूआय १ आधी टाका, मग /स्क्रीनशॉट. पहिली आज्ञा विसरली तर चित्रात चॅटची खिडकी येत नाही, म्हणजे आकडेही येत नाहीत, आणि मग ते चित्र पुराव्याला निरुपयोगी.

तिसरं_गेट | रात्री १०:०५

अण्णा, मधला आकडा उंचीचा म्हणालासा, पण रस्त्यावर उभारलं तरी तो शून्य येत नाही की. काही ठिकाणी उणे येवालाय. हे बिघाडात धरायचं काय?

चोर्ला_घाट | रात्री १०:१८

नाही. शून्य म्हणजे रस्ता नव्हे, नकाशा बनवणाऱ्यानं धरलेली एक पातळी. खड्ड्याच्या झोनमध्ये (झोन म्हणजे शहराचा एक स्वतंत्र भाग) उणे आकडा येणारच. 'जमिनीपासून किती वर' हवं असेल तर दोनदा मोजायचं: एकदा त्या वस्तूवर उभं राहून, एकदा बरोबर तिच्याखाली. वजाबाकी ती खरी उंची.

निपाणीकर | रात्री १०:३१

हत्यारं ठीक, पण तक्रारींतल्या निम्म्या जागा विचित्र नसतातच. आधी खोटे गजर ओळखा.

पहिला, लुकलुकणारी भिंत. दोन पृष्ठभाग एकाच जागी आले की कुठला पुढं काढायचा हे ग्राफिक्स कार्डला ठरवता येत नाही. अंतर वाढलं की खोली मोजण्याची अचूकता कमी होते, म्हणून लांबून ही लुकलुक जास्त. जवळ जा. कमी झाली किंवा थांबली तर दोन पत्रे एकमेकांवर ठोकल्याचा प्रकार. जवळूनही तशीच राहिली तर दोन पत्रे अगदी एकाच पातळीत आहेत, नाहीतर टेक्स्चरमध्ये, म्हणजे भिंतीवर चिकटवलेल्या चित्रात, गोम आहे.

दुसरा, 'इमारतीच्या आतून भिंत दिसत नाही'. भिंती एकाच बाजूनं रंगवलेल्या असतात, मागची बाजू इंजिन काढतच नाही. कॅमेरा भिंतीत घुसला की आरपार दिसतं. चाकानं कॅमेरा पुढं ओढून पहिल्या पुरुषी दृष्टीत या आणि परत बघा. नव्वद टक्के चमत्कार तिथंच संपतात.

तिसरा, लांबचं घर गायब. पर्यायांमध्ये वर्ल्ड डिटेलची पट्टी खाली असली की लांबच्या वस्तू लवकर गळतात. पट्टी वर नेऊन तपासल्याशिवाय 'इथली इमारत काढली' असं कुणी लिहू नका बा.

चौथा आपल्याकडचा खास. होमकमिंगचे सर्व्हर इथून फार लांब. रियुनियन युरोपात, एव्हरलास्टिंग आणि एक्सेलसियर उत्तर अमेरिकेकडं. तुमच्या स्क्रीनवर तुम्ही पुढं गेलेला असता, सर्व्हरच्या हिशोबी नसता, मग तो मागं ओढतो. लोक त्याला 'अदृश्य भिंत' म्हणतात. /नेटग्राफ १ टाका, आलेख उड्या मारत असेल तर थांबा. तीन सेकंद न हलता उभं राहून /लॉक दोनदा टाका. आकडे तेच आले तर पाऊल टाका. त्याच आकड्याला तीनदा अडलात तरच ती भिंत.

खानापुरी | रात्री १०:५२

@निपाणीकर पावसाळ्यात इकडं लाइनच इतकी हालते की तिसऱ्या वेळेला भिंतपण सरकत्या 😄

पण 'पहिल्या पुरुषी दृष्टी' म्हणजे काय ओ, व्याकरणाचा पेपर हाय काय? फर्स्ट पर्सन म्हणा सरळ.

निपाणीकर | रात्री १०:५५

बरं. फर्स्ट पर्सन.

हिडकलचं_पाणी | रात्री ११:२०

खऱ्या बदलांकडं वळू. शोधायला सुरुवात नावांपासून करा, कारण गेममध्येच जुनी नावं सांगितलेली आहेत. द हॉलोज म्हणजे पूर्वीचं ईस्टगेट. बूमटाउन म्हणजे बॉमटन. फॉल्टलाइन म्हणजे ओव्हरब्रुक. क्रेज फॉली म्हणजे व्हेनिस. ईडन म्हणजे वुडव्हेल. हे गेम यायच्या आधीचे, म्हणजे कथेतले बदल. तुटलेले पूल, कलंडलेल्या इमारती इथं मुद्दाम तशा बनवल्यात. २००४ च्या पहिल्या दिवशीही बूमटाउन पडकंच होतं. 'बूमटाउन कधी बदललं' हा प्रश्न त्यामुळं चुकीचा. पाटी बेळगावची बेळगावी झाली १ नोव्हेंबर २०१४ ला, त्या दिवशी एकही गल्ली हलली नाही, तसंच समजा.

खेळाडूंच्या डोळ्यांदेखत बदललेले मोठे झोन असे. फॉल्टलाइन इश्यू ८ मध्ये (इश्यू म्हणजे गेमचं मोठं अपडेट), नोव्हेंबर २००६. आधी नुसत्या खोल भेगा आणि कलंडलेले टॉवर, उडता येत नसलं की खाली गेलेला माणूस वर यायला तरसायचा. नव्या रूपात धरण, वर यायला वाटा आणि सलग कथानक आलं. रिक्टी (परक्या जगातले शत्रू) क्रॅश साइट इश्यू १० मध्ये, जुलै २००७ ला, रिक्टी वॉर झोन झाली. गॅलॅक्सी सिटी इश्यू २१ मध्ये, २०११ ला, उल्कांनी उद्ध्वस्त केली, आणि त्याच वेळी अ‍ॅटलस पार्कची डागडुजी झाली. डार्क अ‍ॅस्टोरिया इश्यू २२ मध्ये, मार्च २०१२. पूर्वी धुकं आणि मुडद्यांचा मधल्या लेव्हलचा झोन, आता लेव्हल ५० वाल्यांचा, मोट नावाच्या देवाच्या जागृतीचा.

या चारही ठिकाणांच्या जुन्या आवृत्त्या होमकमिंगवर 'एको' या नावानं फिरता येतात. वाट ऊरोबोरॉस या काळप्रवासाच्या झोनमधून. स्वतःचं ऊरोबोरॉस पोर्टल नसेल तर दुसऱ्या कुणी उघडलेल्या पोर्टलमधून एकदा आत जा. बॅज मिळतो आणि पुढं स्वतःचं पोर्टल उघडता येतं. कुणाला उघडायला सांगताना चॅटमध्ये झोनचं नाव लिहा, लोक उघडून देतात.

एको म्हणजे उन्हाळ्यात हिडकलचं पाणी उतरल्यावर दिसणारं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर. आहे तसंच, फक्त एरवी डोळ्याआड.

चोर्ला_घाट | रात्री ११:३४

दाखला सुरेख, पण अर्धाच लागू होतो. हुन्नूरचं देऊळ पाण्याखाली त्याच जागेवर असतं. एको हा सगळा वेगळा नकाशा, नव्या फॉल्टलाइनच्या 'खाली' जुनी फॉल्टलाइन दडलेली नाही. हे सांगायला हवं, कारण लोक नव्या झोनच्या जमिनीतून खाली शिरायचे प्रयत्न करत बसतात.

तुलना करायची ती अशी. जुन्या आणि नव्या, दोन्ही ठिकाणी नक्की ओळखू येतील अशा तीन जागा निवडा. झोनचं प्रवेशद्वार, बोगद्याचं तोंड, न पडलेली एखादी इमारत, काहीही. तिन्हींचे /लॉक दोन्हीकडं घ्या. फरक तिन्ही जागी सारखाच आला, समजा पहिल्या आकड्यात सगळीकडं तेवढीच वाढ, तर नकाशा फक्त सरकवलाय. बाकी जुने आकडे तेवढ्यानं बदलून वापरता येतात. फरक प्रत्येक ठिकाणी निराळा आला तर झोन नव्यानं काढलाय, जुने आकडे फेकून द्या. दोनच जागा घेतल्या तर योगायोगानं फसता, म्हणून तीन. आणि तिन्ही एका ओळीत नकोत, त्रिकोण व्हायला पाहिजे.

तिसरं_गेट | सकाळी ७:१५

हे जबरी हाय. उंचीला पण तसंच?

चोर्ला_घाट | सकाळी ७:४०

उंचीला आणखी दक्षता. उड्डाण चालू असताना /लॉक घेतलं तर पाय जमिनीला टेकलेले नसतात आणि आकडा फसवतो. फ्लाय आणि होव्हर या उडण्याच्या दोन्ही शक्ती बंद करा, पूर्ण टेका, मग मोजा.

कॅम्पातला | सकाळी ८:०२

मोजण्याहून भारी एक युक्ती आहे, डेमो, म्हणजे तुमच्या फिरण्याची गेमनं केलेली नोंद. झोनमध्ये शिरून लोडिंग पुरतं संपू द्या. मग /डेमोरेकॉर्ड आणि पुढं फाइलला द्यायचं नाव. चालत चालत हव्या त्या रस्त्यानं जा. शेवटी /डेमोस्टॉप. गेमच्या फोल्डरमध्ये क्लायंट डेमोज नावाच्या फोल्डरात फाइल पडते. ती साधी मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडते. वरच्या ओळींत नकाशाचं अंतर्गत नाव असतं. झोनचं दिसणारं नाव एकच राहिलं आणि आतलं नाव बदललं, तर नकाशा वेगळा आहे हे तिथंच कळतं, मोजायचीही गरज नाही.

खरी गंमत पुढं. डेमोत जमीन नसते. नकाशाचं नाव आणि कोण कुठं होतं तेवढंच असतं. परत चालवताना जमीन तुमच्या सध्याच्या गेममधून घेतली जाते. म्हणून जुना डेमो आजच्या गेमवर चालवला आणि माणूस हवेत चालताना दिसला, तर तिथली जमीन खाली गेलीय. गुडघ्यापर्यंत रुतला तर वर आलीय. भिंतीतून आरपार गेला तर भिंत नंतरची. प्रत्येक मोठ्या अपडेटच्या आधी ठरलेल्या वाटांवर डेमो करून ठेवले, तर अपडेटनंतर अर्ध्या तासात सगळा हिशोब लागतो.

रेकॉर्डिंगला उड्डाण नको, धावत जा. पाय जमिनीला लागलेलेच हवेत, नाहीतर वरचं काहीच लागू होत नाही. लोडिंग संपायच्या आत सुरू केलं तर सुरुवातीचे लोक आणि वस्तू फाइलमध्ये येत नाहीत. डेमो चालवण्यासाठी गेम सुरू करतानाच डेमोप्ले हा पर्याय आणि फाइलचं नाव द्यावं लागतं, चालू गेममध्ये चॅटवरून होत नाही.

खानापुरी | सकाळी ८:३०

@कॅम्पातला मजकुराची फाइल म्हणजे कुणी मुद्दाम आकडे बदलून माणूस हवेत चालवू शकतोय की. पुरावा म्हणून डेमो दिला तर मूळ फाइल द्यायची, नुसता व्हिडिओ चालणार नाही. बरोबर ना?

कॅम्पातला | सकाळी ८:३३

शंभर टक्के.

गोकाकचा_तुषार | दुपारी १:१०

शॅडो शार्डबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहिते. पेरेग्रिन आयलंडवरच्या पोर्टल कॉर्पमधून वाट आहे. चार झोन: फायरबेस झुलू, कॅस्केड आर्किपेलागो, द चँट्री, द स्टॉर्म पॅलेस. इश्यू २ पासूनचे, म्हणजे २००४ चे. अधांतरी बेटं, जमीन नावालाच. इथं 'हवेत तरंगणारा दगड' ही तक्रार करू नका, तोच तर झोन आहे.

इथली अडचण अंतराची. बेटं इतकी लांब की पुढचं बेट धुरकट दिसतं किंवा दिसतच नाही. वर्ल्ड डिटेलची पट्टी इथं खरंच उपयोगी पडते. बेटांवरचे गुरुत्वाचे फवारे तुम्हाला उचलून दुसऱ्या बेटाकडं भिरकावतात. फवाऱ्यात शिरण्याआधी फ्लाय बंद करा आणि झेप पुरी होईपर्यंत चालू करू नका. शिरण्याआधी आणि उतरल्यावर /लॉक घेतलं की कुठला फवारा कुठं टाकतो याची जोडी तयार होते. अशा जोड्यांची यादी हा शार्डचा खरा नकाशा, चित्रातला नकाशा सपाट असल्यामुळं वरचं बेट कुठलं आणि खालचं कुठलं हे त्यात कळतच नाही.

एक बरं, या गेममध्ये नुसतं पडून मरण येत नाही. कितीही उंचीवरून पडलं तरी आयुष्याची शेवटची रेघ उरते. पण शेजारी शत्रू असला तर त्याला एक टपली पुरते. म्हणून उंची मोजायला उडी मारण्याआधी खाली कोण उभं आहे ते बघा.

तिसरं_गेट | दुपारी १:२५

ताई, आणि दोन दगडांच्या फटीत अडकलं तर?

गोकाकचा_तुषार | दुपारी १:३१

/स्टक. पण टाकण्याआधी /लॉक घ्या बाळा. /स्टक तुम्हाला हलवतं, मग अडकलेली जागा कुठली होती हे सांगता येत नाही. फट कळवण्यासारखी असेल तर आकडे हातचे गेले.

निपाणीकर | दुपारी ३:४५

झोनच्या कडेच्या वॉर वॉलबद्दल सारखा प्रश्न येतो: निळ्या भिंतीपलीकडच्या इमारती खऱ्या का? नाहीत, देखावा आहे. शेजारचा झोन भिंतीला लागून नसतोच, प्रत्येक झोन स्वतंत्र नकाशा आणि मधला बोगदा म्हणजे लोडिंगची स्क्रीन. पलीकडचा टॉवर बघून शेजारच्या झोनमध्ये तोच टॉवर शोधणं व्यर्थ. रिक्टींच्या चढाईच्या वेळी त्या झोनच्या वॉर वॉल बंद पडतात आणि आकाश काळवंडतं. देखाव्याचे फोटो घ्यायला तीच वेळ. पडदा गेला म्हणून हद्द मात्र हलत नाही.

यावरून आणखी एक. चढाई, हॅलोविन, हिवाळी उत्सव, या दिवसांत दिसलेल्या गोष्टी 'नकाशा बदलला' म्हणून नोंदवू नका. उत्सव संपल्यावर परत जा, मग लिहा. आणि दिवसाचा फोटो रात्रीच्या फोटोशी ताडू नका, गेममध्ये ऊन-सावली फिरत असते, अर्धे 'नवीन काळे ठिपके' सावल्याच असतात.

कॅम्पातला | दुपारी ४:१०

अल्ट्रा मोड, म्हणजे भारी ग्राफिक्सचा पर्याय, चालू असेल तर आणखी. इश्यू १७ मध्ये, २०१० ला, तो आला. पाण्यातली प्रतिबिंबं आणि खऱ्या सावल्या त्यानंतरच्या. २००६ चा कुणाचा तरी जुना फोटो आणि आजचा अल्ट्रा मोडचा फोटो शेजारी ठेवून 'तळं बदललं' म्हणणारे बरेच भेटतात. अल्ट्रा मोड बंद करून घेतलेला फोटोच ताडायचा.

खानापुरी | सायंकाळी ६:२०

व्हिडिओटमॅप्स टाकलंय, नकाशावर बॅजच्या खुणा येतात. पण काही खुणांवर जाऊन बघितलं तर तिथं काहीच नाही. टाकायला चुकलं काय?

चोर्ला_घाट | सायंकाळी ६:४८

खुणा दिसतात म्हणजे टाकणं बरोबर आहे. ते काय करतं हे समजलं की प्रश्न सुटेल. गेमचा माल पिग नावाच्या गठ्ठा-फाइलींत बांधलेला असतो. गेमच्या फोल्डरमध्ये डेटा नावाचा फोल्डर करून त्यात त्याच नावाचं चित्र त्याच उपफोल्डरात ठेवलं, तर गेम गठ्ठ्यातलं सोडून तुमचं चित्र उचलतो. व्हिडिओटमॅप्स म्हणजे अशी खुणा काढलेली नकाशाची चित्रं. चित्र ते चित्रच, झोन बदलला की आपोआप बदलत नाही. तुमच्याकडं जुनी प्रत असेल तर खुणा जुन्या झोनच्या.

उपाय: सगळा डेटा फोल्डर दुसरं नाव देऊन बाजूला ठेवा, गेम बंद करून परत उघडा, झोनचा मूळ नकाशा बघा. रस्ते चित्राशी जुळत नसतील तर प्रत जुनी. नवी उतरवून घ्या. फोल्डर उडवू नका, त्यात तुमचे बाकीचे बदलही असतात.

जुन्या मार्गदर्शिकांनाही हेच लागू. पूर्वी शहरात पिवळी आणि हिरवी अशा दोन वेगळ्या ट्राम होत्या, नंतर एकत्र केल्या. 'इथं उतरून हिरवी धरा' असं कुठं वाचलं तर ते पान जुनं, त्यातले बाकी आकडेही तपासून घ्या.

हिडकलचं_पाणी | रात्री ८:१५

कॅलिस्टी व्हार्फ राहिलं. तिथं रस्ते आहेत, घरं आहेत, पण आकाराच्या मानानं काम कमी, म्हणून 'काहीतरी काढून टाकलंय' असा संशय येतो. उलट आहे. मूळ स्टुडिओनं अर्धवट सोडलेला झोन होमकमिंगनं उघडला. तिथली न उघडणारी दारं आणि उगाच रुंद रस्ते ही पुढं व्हायच्या कामाची जागा. माझ्या मते सगळ्या शहरात विचित्रपणा शोधायला याच्यासारखी जागा नाही, कारण कुणी बुजवाबुजव केलेली नाही. पेरेझ पार्कच्या मधल्या जंगलासारखं इथं चुकायलाही होत नाही.

खानापुरी | रात्री ८:४०

पेरेझ पार्कात जमिनीवरनं आकडे घेऊन उपयोग नाही, झाडंच भिंती हाईत. खूण शंभर फुटांवर दिसते आणि वाट तीनशे फुटांची. झाडांवरून उडत जाऊन बरोबर खुणेवर उतरायचं.

तिसरं_गेट | रात्री ९:०५

अण्णा, तुम्ही जुन्या धाग्यावर दिलेले आकडे कॉपी करून /थंबटॅकला चिकटवले. काहीच होईना.

चोर्ला_घाट | रात्री ९:१२

त्या धाग्यावर आकडे देवनागरीत आहेत, आज्ञेला ते कळत नाहीत. कीबोर्ड इंग्रजीवर घेऊन हातानं टाका. मध्ये स्वल्पविराम नको. आणि उणे चिन्ह बघून टाका, ते सुटलं की खूण पडते, पण झोनच्या पार दुसऱ्या टोकाला.

तिसरं_गेट | रात्री ९:२०

पडली खूण. दुसऱ्या टोकालाच पडली 😅 थांबा, उणे घालतो.